यंत्राची हांक : इंटरप्टचा दोष कसा शोधावा

प्रयोगशाळेच्या गच्चीवरील पर्जन्यमापक यंत्र तुम्हां सर्वांच्या परिचयाचें आहे. पावसानें त्यांतील इवलेंसें पात्र भरलें कीं तें कलंडतें, आणि ती वार्ता रास्पबेरी पाय नामक लहानशा संगणकाकडून तारेनें कार्यालयांत जाते. २०२४ च्या जुलै महिन्यांत मुसळधार पाऊस पडला त्याच रात्रीं हें यंत्र मुकें झालें व त्या रात्रीची नोंद कायमची बुडाली. आदल्या दिवशीं नववींतील एका मुलानें पेटी उघडून तारा सारख्या केल्या होत्या. साहजिकच दोष त्याच्या माथीं आला, आणि तो देणाऱ्यांत मी पहिला होतों.

या पेटींत संगणकास जाळ्याशीं जोडणारी ईएनसी२८जे६० नांवाची चिप आहे. निरोप आला, किंवा पाठविणें पूर्ण झालें, कीं ती संगणकास हांक मारते. चालू काम क्षणभर थांबविणाऱ्या या हांकेस इंटरप्ट म्हणतात, आणि ती ऐकून पुढील काम उरकणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर. हांकेसाठीं एक स्वतंत्र तार असते. एरव्हीं तिच्यावर ३.३ व्होल्ट दाब असतो. हांक मारतांना चिप तो शून्यावर आणते व कामाचें निवारण होईपर्यंत तेथेंच धरून ठेवते.

दाराशीं पाहुणा घंटेची दोरी ओढून उभा आहे, अशी कल्पना करा. घरधनी केवळ घंटेच्या नादावर विसंबला, तर दोरी ओढली त्या क्षणींच काय तें त्यास कळणार. दोरी ओढलेलीच आहे हें जो पाहतो, त्याची फसगत होत नाहीं. आमच्या पेटींतील संगणक पहिल्या प्रकारचा. दाब खालीं येण्याचा क्षण तेवढा तो टिपतो.

लिनक्स प्रणालींत हांकांची गणती असते. प्रॉक या दालनांतील इंटरप्ट्स ही यादी उघडली कीं ती दिसते. यंत्र अडलें कीं पुष्कळ जण तें बंद करून पुन्हां चालू करितात. (ही खोड आमच्याही प्रयोगशाळेंत आहे.) यंत्र चालतें खरें, पण गणती शून्यावर जाऊन पुरावा पुसला जातो. म्हणून यंत्र दुसऱ्यांदा मुकें झालें तेव्हां मीं कोणास हात लावूं दिला नाहीं. दुसऱ्या संगणकावरून निरोप पाठवीत यादी पुनःपुन्हां पाहिली. आंकडा आरंभापासून शून्यच असता, तर तार भलत्या पिनवर आहे, अथवा ड्रायव्हरला सांगितलेला पिनचा क्रमांक चुकला आहे, असें ठरतें. तो भरधांव वाढत असता, तर हांक ऐकूनही तिचें निवारण होत नाहीं असें समजावें. एक लाख हांकांपैकीं ९९,९०० हून अधिक बेवारस निघाल्या, तर लिनक्स त्या हांका ऐकणेंच बंद करतें. आमचा आंकडा कांहीं हजारांवर जाऊन खिळला होता.

व्होल्टमापक लावला. तारेच्या दोन्ही टोकांस शून्य! चिप हांक मारीतच होती. मग तारेस स्पर्शही न करितां, केवळ आज्ञा देऊन जाळ्याचा दुवा बंद केला व पुन्हां चालू केला. दाब ३.३ वर आला, आंकडा चालूं लागला. तार शाबूत होती. मुलगा निर्दोष होता.

दोष माझ्या हातचा निघाला. मूळ ड्रायव्हर प्रथम चिपची हांक मारण्याची मुभा काढून घेतो, कामें संपेपर्यंत फिरून फिरून तपासतो, आणि शेवटीं मुभा परत देतो. मुभा काढतांच तार वर येते. परत देतांना काम शिल्लक असल्यास ती पुन्हां खालीं पडते, म्हणजे घंटा नव्यानें वाजते. मुलांस समजावा म्हणून ड्रायव्हर सोपा करितांना मीं या ओळी निरर्थक मानून गाळल्या, व फेरतपासणीही गाळली. रिमझिम पावसांत निरोप एकेक जात, तेव्हां कांहीं बिघडलें नाहीं. मुसळधारेंत एक काम आटोपतां आटोपतां दुसरें येऊन ठेपलें. तार वर आलीच नाहीं. मग ती खालीं कशी पडणार?

ओळी परत घातल्या. शिवाय या चिपची 'निरोप आला' ही खूण भरंवशाची नाहीं, असें तिच्या निर्मात्यांनींच प्रसिद्ध केलेलें आहे. म्हणून शिल्लक निरोपांची संख्याच वाचावी, हेंही आतां ड्रायव्हरमध्यें घातलें आहे. त्या मुलाची मीं वर्गासमक्ष क्षमा मागितली. पेटीची किल्ली हल्लीं त्याच्याजवळ असते.