मालमोटारीच्या स्टिअरिंग-पंपाचा तुटलेला ब्रॅकेट

कांदा, ऊंस, द्राक्षें, खतें यांची ने-आण करण्यासाठीं स्वतःची जुनी मालमोटार बाळगणारे शेतकरी हल्लीं गांवोगांव आढळतात. नवी गाडी घेण्यापेक्षां जुनीच नीट राखून वापरणें पुष्कळदां हिताचें असतें. मात्र जुन्या गाडीचें दुखणें कोठें आहे व तें कां उद्भवलें, हें मालकास स्वतः कळलें पाहिजे. नाहीं तर एकाच दुखण्यावर तीनदां पैसा जातो आणि दुखणें कायमच राहतें.

पॉवर स्टिअरिंगच्या पंपास धरून ठेवणारा ब्रॅकेट तुटणें, हें अशांपैकींच एक दुखणें होय. हा ब्रॅकेट म्हणजे वीतभर लांबीचा, बिडाचा किंवा जाड पोलादी पत्र्याचा एक तुकडा. त्यांत फिरणारें असें कांहीं नाहीं, म्हणून त्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. त्याविषयीं आमचें मुख्य सांगणें एवढेंच आहे कीं, ब्रॅकेट सहसा आपण होऊन तुटत नाहीं. त्यास दुसरें कांहीं तरी तोडीत असतें. तें कारण शोधल्यावांचून नवा ब्रॅकेट बसविला, तर तोहि जुन्याच्या वाटेनें जातो.

पंपाचें काम

तेलाच्या दाबानें सुकाणूस साहाय्य देण्याची युक्ति अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागांत काम केलेले इंजिनिअर फ्रान्सिस डेव्हिस यांनीं १९२६ सालीं गाडीवर बसवून दाखविली. क्रायस्लर कंपनीनें ती १९५१ सालीं आपल्या मोटारींत घालून विक्रीस आणली. पुढें ती मालमोटारींतहि रूढ झाली. इंजिनाच्या पुढील पुलीवरून एक पट्टा, म्हणजे मिस्त्री ज्यास बेल्ट म्हणतात तो, पंपास फिरवितो. पंप तेलास दाब देतो आणि तें तेल चाकें वळविण्यास हातभार लावतें. हलक्या मालमोटारींत हा दाब दर चौरस सेंटिमीटरास ७० ते १०० किलोपर्यंत चढतो. कांहीं मोठ्या गाड्यांत पंप पट्ट्यावर नसून इंजिनाच्या दांतेरी चाकांवर चालतो व थेट इंजिनासच जोडलेला असतो. पुढील विवेचन पट्ट्यावर चालणाऱ्या पंपापुरतें आहे.

ब्रॅकेट तुटला तर पंप कलतो, पट्टा उतरतो व साहाय्य बंद पडतें. सुकाणू आणि चाकें यांमधील लोखंडी दुवा अशा वेळीं तुटत नाहीं. गाडी वळते, परंतु ती वळविण्यास एकाएकीं पुष्कळ जोर लागतो. घाटांतील वळणावर, पाठीमागें भरलेला माल असतां, बेसावध चालकास तेवढा जोर लावण्यास अवधि मिळेलच असें नाहीं. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याचा पंपहि फिरवितो. तो उतरला कीं इंजिन तापतें. आणि ओढली जाऊन दाबाची नळी फाटली व तेल धुराच्या तापलेल्या नळीवर उडालें, तर आगीचें भय असतें. यास्तव वाटेंत ब्रॅकेट तुटल्यास गाडी बाजूस उभी करावी. तारेनें किंवा दोरीनें पंप बांधून भरलेली गाडी पुढें हांकूं नये.

तुटण्याचीं कारणें

चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असतां त्यांत मिनिटास ३००० वेळां इंधन पेटतें. म्हणजे सेकंदास ५० हिसके झाले. एका तासांत हेच हिसके १,८०,००० होतात. ते सर्व ब्रॅकेटपर्यंत पोंचतात आणि त्याच वेळीं पट्टा पंपास एका बाजूस ओढीत असतो. बारीक तार एकाच जागीं पुनःपुन्हां वांकविली म्हणजे ती हातांत तुटते; धातूस लागणारी थकावट ती हीच. घट्ट बसलेला ब्रॅकेट इंजिनाशीं एकजीव होऊन हलतो, म्हणून तो वर्षानुवर्षें टिकतो. सैल झालेला ब्रॅकेट इंजिनाहून वेगळा हलूं लागतो आणि थकतो. ह्या गोष्टीस पुढील कारणें होतात:

१. एखादा बोल्ट सैल होणें किंवा गळून पडणें. तीन बोल्टांचा भार दोघांवर आला कीं तिसऱ्या भोकाच्या बाजूनें तडा जातो. हें कारण नेहमीं प्रथम पाहावें.

२. पट्टा वाजतो म्हणून तो वाजवीपेक्षां अधिक ताणणें. ह्यानें पंपाचें बेअरिंगहि लवकर झिजतें.

३. पुल्या एका रेषेंत नसणें, अथवा पुली डगमगत फिरणें.

४. इंजिनाखालचीं रबरी माउंटिंगें बसून जाणें. मग इंजिन प्रत्येक गचक्यास उसळतें व पंपाच्या नळ्या ओढल्या जातात.

५. पूर्वीच्या दुरुस्तींत मूळचा वॉशर किंवा मधला नळकांडी तुकडा विसरून, राहिलेली फट बोल्ट आवळून मिटविणें. असा ब्रॅकेट पहिल्या दिवसापासून ताणलेलाच असतो.

तुटलेले दोन्ही तुकडे फेकूं नयेत. तुटीची जागा पुसून उजेडांत पाहावी. तिचा एक भाग काळवंडलेला किंवा गंजलेला व दुसरा स्वच्छ दिसला, तर तडा फार दिवसांपूर्वींच पडला होता आणि उरलेला भाग अखेरीस एकदम तुटला असें समजावें. सर्व तूट सारखी ताजी असेल, तर एखादा मोठा धक्का बसला असावा. भोकें लांबट झालीं असतील किंवा बोल्टाखालीं धातु घासून चकाकत असेल, तर बोल्ट सैल होता यांत संशय नको.

सांधावा कीं बदलावा

हंगामाच्या घाईंत ब्रॅकेट वेल्डिंगच्या दुकानांत नेऊन संध्याकाळपर्यंत गाडी चालू करण्याचा मोह होतो. पोलादी पत्र्याचा ब्रॅकेट चांगल्या कारागिरास सांधतां येतो. मात्र भोकांमधील अंतरें जराहि बदलूं नयेत म्हणून तो पाटावर बोल्टांनीं बांधूनच सांधावा. बिडाची गोष्ट निराळी आहे. साध्या पोलादांत कर्ब साधारणपणें पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी असतो. बिडांत तो दोन टक्क्यांहून अधिक असतो. त्यामुळें सांध्याजवळचा भाग लवकर निवला तर कांचेसारखा ठिसूळ होतो आणि जुन्या तडीशेजारीं नवी तड जाते. तुकडा आधीं तापवून, निकेलची कांडी वापरून व राखेंत हळूहळू निववून बीड सांधतां येतें. तरी सतत थरथरणाऱ्या भागास तो उपाय नवा ब्रॅकेट मिळेपर्यंतचाच समजावा.

नवा न मिळाल्यास जुन्या बाजारांतला घेण्यास हरकत नाहीं. तो घेतांना केवळ गाडीचें साल सांगूं नये. इंजिनाचा प्रकार व क्रमांक सांगावा, आणि जुने तुकडे जोडून भोकें, जाडी व कोन ताडून पाहावे. जुन्या मालांतील लपलेली तड ओळखण्याची एक सोपी रीत आहे. ब्रॅकेट स्वच्छ धुवून तासभर रॉकेलमध्यें बुडवावा, मग कोरडा पुसून त्यावर खडूची पूड लावावी. तड असल्यास तींतलें रॉकेल बाहेर झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वीं आंस तपासण्यास तेल व खडू यांची अशीच रीत वापरीत असत.

जुना ब्रॅकेट काढणें

गाडी सपाट जागीं उभी करून चाकांपुढेंमागें लांकडी ठोकळे लावावे. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें व बॅटरीची ऋण तार सोडावी. पट्टा कोणकोणत्या पुलीवरून कसा जातो याचें फोनवर छायाचित्र घ्यावें. बोल्ट निरनिराळ्या लांबीचे असतात, म्हणून प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकांतला तें पुठ्ठ्यावर आकृति काढून तेथेंच खोंचून ठेवावें. लांब बोल्ट आखूड भोकांत गेला तर इंजिनाचें बीड फुटतें.

नंतर पट्टा सैल करून काढावा. पंप हलवितांना तेलाच्या पातळ पत्र्याच्या भांड्यावर पहार टेंकूं नये. जागा असेल तर नळ्या न सोडतां पंप तारेनें उचलून बाजूस बांधावा. नळ्यांवर लोंबकळत ठेवूं नये. नळ्या सोडाव्याच लागल्या तर खालीं भांडें ठेवावें व उघडीं तोंडें स्वच्छ बुचांनीं बंद करावीं, कारण धुळीचा कण पंपास मारक होतो. सांडलेलें तेल विहिरीजवळ किंवा शेतांत ओतूं नये. कांहीं पंपांत बोल्ट पुलीच्या मागें असतात. दांड्यावर दाबून बसविलेली पुली ओढण्याच्या हत्यारानेंच काढावी व दाबण्याच्या हत्यारानेंच घालावी. हातोडा मारल्यास पंपाच्या आंतील भाग दुखावतात.

बोल्टाचा तुकडा इंजिनांत अडकला असेल तर घाई करूं नये. गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर मुरूं द्यावें. तुकडा थोडा बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून पान्यानें फिरवावा. उष्णतेनेंहि गंज सुटतो. तो आंत असेल तर बरोबर मध्यावर खूण करून छिद्र पाडावें लागतें, आणि हें काम कुशल हाताचें आहे. शेवटीं आटे साफ करावे व भोकांतील तेल पुसून काढावें. भोक बंद तळाचें असेल व त्यांत तेल राहिलें, तर बोल्ट आवळतांना तें दाबलें जाऊन बीड तडकूं शकतें. भोक पाण्याच्या पोकळींत उघडत असेल तर आट्यांस गळती थांबविणारा लेप लावावा.

नवा ब्रॅकेट बसविणें

बसण्याच्या जागांवरील गंज, रंग व चिकटा काढून धातु धातूस टेंकला पाहिजे. सर्व बोल्ट प्रथम बोटांनीं घालावे. एखादा जात नसेल तर भोक कोरूं नये, ब्रॅकेट चुकीचा आहे किंवा वांकडा आहे असें समजावें. कोठें फट दिसली तर मूळचा वॉशर किंवा नळकांडी तुकडा तेथें घालावा. मग सर्व बोल्ट पाळीपाळीनें आवळावे. आवळण्याचा जोर गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. तें नसल्यास ८.८ अशी खूण असलेल्या कोरड्या पोलादी बोल्टांस, बिडाच्या किंवा पोलादाच्या आट्यांत, ८ मिलिमीटरास सुमारें अडीच किलोग्रॅम-मीटर व १० मिलिमीटरास सुमारें पांच, हें मान साधारण आहे. ॲल्युमिनियमच्या आट्यांस याहून कमी लागतें. जुने, ताणलेले बोल्ट पुन्हां वापरूं नयेत. नव्या बोल्टांची किंमत ब्रॅकेटच्या मानानें क्षुल्लक असते.

आतां पुल्या तपासाव्या. सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी पुल्यांच्या खांचांशीं धरून त्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत तें पाहावें. दोन पुल्यांमध्यें एक फूट अंतर असतां दशांश इंचाहून, म्हणजे अडीच मिलिमीटरांहून, अधिक फरक असूं नये. इंजिन फिरत असतां पुली डगमगते कीं काय तेंहि दुरूनच पाहावें. सैल कपडे व हात जवळ नेऊं नयेत.

पट्टा व तेल

पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्यानें दाबून ताण अजमावावा. दोन पुल्यांमधील मोकळा भाग ३० ते ४० सेंटिमीटर असेल तर तो सुमारें १२ मिलिमीटर दबावा. १८ ते २८ सेंटिमीटर असेल तर सुमारें ६. नवा पट्टा थोडा चालल्यावर ढिला पडतो, म्हणून तो पहिल्या फेरीनंतर पुन्हां पाहावा.

नळ्या सोडल्या असतील तर पुस्तकांत सांगितलेलेंच तेल भरावें. ब्रेकचें तेल चुकूनहि घालूं नये. त्यानें पंपाचीं रबरी सीलें फुगून निकामी होतात. पुढचीं चाकें उचलून, गाडी भक्कम आधारावर टेंकवून, इंजिन बंद असतां सुकाणू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश दहा-वीस वेळां फिरवावें व तेल भरीत राहावें. मग इंजिन मंद चालवून तेंच करावें. टोकास पांच सेकंदांहून अधिक वेळ धरूं नये. तेलावर फेंस दिसला तर आंत हवा आहे असें समजून इंजिन थांबवावें व फेंस बसूं द्यावा. गळती पाहण्यास नळीवर हात फिरवूं नये. बारीक छिद्रांतून दाबानें निघालेलें तेल कातडी भेदून आंत शिरतें, आणि ती जखम लहान दिसली तरी तांतडीनें डॉक्टरकडे जावें लागतें. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी.

शेवटची तपासणी

गाडी प्रथम रिकामीच चालवावी. परत आल्यावर इंजिन थंड झालें म्हणजे प्रत्येक बोल्टास पाना लावून पाहावा. एखादा फिरला तर मूळ कारण अद्याप गेलेलें नाहीं. इंजिनाचीं माउंटिंगें व पुल्या ह्यांकडे पुन्हां वळावें. तेथें दोष निघाल्यास त्याचा खर्च टाळूं नये, कारण तो टाळण्याचीच किंमत आपण ब्रॅकेटच्या रूपानें भरीत असतों.

पुढें दर हंगामाच्या आरंभीं, गाडींत माल भरण्यापूर्वीं, ह्या बोल्टांवर एकदां पाना व पट्ट्यावर एकदां अंगठा टेंकवावा. ह्या कामास पाव तासहि लागत नाहीं. बैल जुंपण्यापूर्वीं जूं व शिवळा पाहण्याची आपल्या लोकांची जुनी संवय आहे. मालमोटारीसहि तीच लावावी. गाडींतला माल वर्षाच्या कष्टाचा असतो आणि सुकाणूवर बसलेला बहुधा आपल्याच घरचा मुलगा किंवा शेजारचा गडी असतो, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे तेवढा वेळ कोणासहि जड वाटूं नये.