आधी वहीत मांड

पोरी, भाड्याने द्यायला घ्यायचे म्हणून तू पाठवलेले दोन्ही फ्लॅट पाहिले. बोरिवलीचा तयार, मुलुंडचा बांधकाम चालू असलेला. मुलुंडचा चार लाखांनी स्वस्त म्हणून तुझं मन तिकडे ओढ घेतंय. पण सांगितलेला भाव वेगळा आणि खिशातून जाणारा पैसा वेगळा. वहीच्या एका पानावर दोन रकाने आख आणि किल्ली हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च लिही.

दोन्हींचा कार्पेट ४०० चौरस फूट. बोरिवली १ कोटी १० लाख. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क ६ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, दलाली १ टक्का, रंग-प्लंबिंगला तीनेक लाख. झाले १ कोटी २१ लाख. मुलुंड १ कोटी ६ लाख. मुद्रांक शुल्क ६ लाख ३६ हजार, नोंदणी तेवढीच, शिवाय ५ टक्के जीएसटीचे ५ लाख ३० हजार आणि क्लबहाऊस, आगाऊ मेंटेनन्स वगैरेचे तीन लाख धर. बेरीज तीच, १ कोटी २१ लाख! ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही, तिथे सगळी स्वस्ताई विरते. दस्त तुझ्या एकटीच्या नावे केलास तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलंस की ती गेली, तेव्हा घरात आधीच ठरवा.

आता भाडं. बोरिवलीला महिना ३० हजार मिळतील म्हणतेस. वर्षाचे बारा महिने धरू नकोस, अकराच धर, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा यायला वेळ लागतो. ३ लाख ३० हजारांतून मेंटेनन्सचे ४८ हजार आणि ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं वजा कर. उरले २ लाख ५२ हजार, म्हणजे शंभराला जेमतेम दोन रुपये. घर भाड्याने दिल्यावर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जही लावते, तोही यातूनच. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते. उपनगरात माणूस घर घेतो ते भाव वाढेल या भरवशावर, आणि हा भरवसा किती खरा हे तपासणं हेच खरं काम आहे.

त्यासाठी ब्रोकरच्या तोंडचा भाव सोड. मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीचे, नाहीतर शेजारच्या गल्लीतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे काढ. नोंदलेली रक्कम आणि क्षेत्रफळ तिथे दिसतं. कार्पेट आहे की बिल्टअप ते नीट वाच, जुन्या दस्तांत बऱ्याचदा बिल्टअप असतो. मग भागाकार करून फुटाचा दर काढ. रेडी रेकनर हा सरकारी दर शुल्क आकारायला असतो, त्याला बाजारभाव समजू नकोस. मेट्रोच्या नावावरही भाव वाढवून सांगतील. दहिसर ते अंधेरी या मार्गावर २०२३ च्या जानेवारीपासून गाड्या पूर्ण धावताहेत, म्हणजे तिचा फायदा भावात आधीच मिसळलेला आहे. त्यासाठी आणखी पैसे मोजू नकोस.

मुलुंडच्या घराला ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज चालूच. महारेराच्या पानावर प्रकल्पाची मूळ ताबा-तारीख आणि आताची तारीख शेजारी शेजारी ठेव. दोनदा मुदतवाढ घेतली असेल तर तुझ्या रकान्यात आणखी एक वर्ष धर. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, कितीही गोड बोलला तरी देऊ नकोस.

बोरिवलीची इमारत जुनी, म्हणून रिडेव्हलपमेंटची आशा दाखवतील. त्या आशेचे पैसे देण्याआधी सेक्रेटरींना विचार, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झालीय का? प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे की अजून जुन्या मालकाचं? सोसायटीचं नसेल तर मालकाच्या सहीवाचून होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज केलाय का? पुढे कधी अंधेरी, घाटकोपरला घर पाहशील तेव्हा विमानतळाची उंचीची मर्यादाही विचार, कारण मजले वाढवता आले नाहीत तर बिल्डरला रस उरत नाही.

आणि संध्याकाळी सातला बोरिवली स्टेशनातून त्या घरापर्यंत पायी जा. ब्रोकरची पाच मिनिटं रविवारी सकाळची असतात. भाडेकरू मात्र रोज सातलाच उतरणार आहे.