वहिनीच्या खात्यातले अठरा हजार

चि. बाळूस,


रविवारच्या बाजारात तुमच्या गावची मंडळी भेटली. त्यांच्याकडून जे कानावर आलं, ते ऐकल्यापासून तुझ्या या आत्याचं चित्त थाऱ्यावर नाही. वहिनीचं, तुझ्या आईचं, बँकेचं कार्ड म्हणे तुझ्या पाकिटात असतं. पैसे आल्याचा मेसेजही तुझ्याच फोनवर येतो, आणि पीएम-किसानचे दोन हजार जमा झाले की संध्याकाळपर्यंत ते तुझ्या मोटारसायकलच्या हप्त्याला जातात. वर पारावर बसून तू म्हणालास, "फुकटचे तर पैसे आहेत, आईला काय करायचेत?" खोटं असेल तर हे पत्र इथेच फाडून टाक. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच.

त्या फुकटच्या पैशांचा हिशेब आधी मांडू. केंद्राचे पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार २०१९ पासूनचे. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला गोरखपूरहून पहिला हप्ता सुटला. सुरुवातीला पाच एकरांच्या आतल्यांनाच होता, मग त्याच वर्षी सगळ्या खातेदारांना लागू झाला. राज्याने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच सहा हजार त्यात घातले. पुढच्या वर्षी जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. शेजारणींना महिन्याला दीड हजार आणि वहिनीला पाचशेच, कारण शेतकरी म्हणून ती महिना हजार आधीच घेते असं सरकारने धरलं. राज्यात २०२५ ला अशा साडेसात लाखांहून जास्त बाया होत्या. म्हणजे तीन वाटांनी सहा-सहा हजार, वर्षाचे अठरा. त्यातही लाडक्या बहिणीला पासष्टची अट आहे आणि वहिनीला त्रेसष्टावं लागलंय. ते पाचशे आणखी किती दिवसांचे, ते तूच मोज.

एका हप्त्याच्या दोन हजारांत येतं काय? डीएपीची एक गोणी १,३५० ची. युरियाच्या दोन गोण्या, २६६ रुपये ५० पैशांनी ५३३. उरले ११७. बियाणं, फवारणी, मजुरी अजून बाजूलाच. शिवाय सहा हजारांचा आकडा २०१९ ला होता तोच आजही आहे. या पैशाने शेती तरली असं कुणी म्हणत असेल तर त्याने वावरात पाय ठेवलेला नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आपल्या भागात बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल गेला. यंदा सप्टेंबरच्या पावसाने तर उभं पीकच नेलं. हे दुखणं दोन हजारांनी बरं होणारं नाही.

तरीही त्या पैशाने तुमच्या घरात जे घडलं ते आत्याने पाहिलंय. दादा होता तेव्हा बियाणं उधारीवर यायचं. दुकानदार वहीत लिहील तो भाव, आणि सोयाबीन निघालं की पोती त्याच्याच काट्यावर. दर पाडला तरी तोंड उघडायची सोय नव्हती. गेल्या जूनला वहिनी स्वतः दुकानात गेली, पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, बॅगेवरची छापील किंमत तुझ्या बहिणीकडून वाचून घेतली आणि पक्की पावती मागितली. त्याच दुकानदाराने तिला बसायला स्टूल दिलं म्हणे! फोनवर हे सांगताना ती किती हसत होती. बी.पी.ची गोळी आता महिनाअखेरी तुटत नाही. आणि त्याच पैशातून आलेली ती गाभण शेळी! तिची दोन्ही करडं वहिनीने हौसेने वाढवली, एक बोकड विकून गोठ्यावर पत्रे टाकले. मोटारसायकलचा हप्ता यातलं काय काय गिळणार आहे, सांग बरं.

"बायांच्या हाती पैसे दिले की उडतात" असंही तू म्हणालास असं कळलं. आत्याने चाळीस वर्षं शाळेत पोरांना पुराव्याशिवाय बोलू दिलं नाही, तुलाही देणार नाही. मध्य प्रदेशात इंदूरकडच्या काही गावांत 'सेवा' संघटनेने २०११ मध्ये युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, लहानाला १००, पुढे ते ३०० आणि १५० झाले. अट कसलीच नाही. पोरांचे पैसे आईकडे. आणि शेजारची तशीच गावं, जिथे काही दिलं नाही, ती तुलनेला ठेवली. दारू वाढल्याचं दिसलं नाही. खत-बियाण्यावर जास्त खर्च झाला, जनावरं वाढली, मुलींची वजनं सुधारली. छोटे शेतकरी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या रानात राबू लागले. पैसे मिळाले म्हणून माणसं आळशी होतात, ही समजूत तिथे टिकली नाही. केनियात सियाया भागात गरीब घरांना मोबाइलवरून रोख दिली, तिथल्या अभ्यासातही दारू-तंबाखूचा खर्च वाढलेला नव्हता. लोकांनी गुरं घेतली, गवती छपरं काढून पत्रे घातले. तुझ्या आईने बोकड विकून तेच केलं, आणि तिला कुठे केनिया ठाऊक?

कार्डाकडे परत येते आत्या. इंदूरचे पैसे ज्याच्या त्याच्या हाती होते म्हणून तो बदल दिसला. दुसऱ्याच्या पाकिटात गेले असते तर कोण काय मोजणार होतं?

तुझ्या आजीची एक गोष्ट या घरात कुणी बोलत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. आत्या चौदा वर्षांची, पाझर तलावाच्या कामावर तिच्या मागे टोपली घेऊन. वि. स. पागेंनी आखलेली रोजगार हमी तेव्हा नुकती आकाराला येत होती, तिचा कायदा पुढे १९७७ ला झाला. पगाराच्या दिवशी बाया रांगेत उभ्या राहून अंगठा उठवत. आजी अंगठा उठवायची आणि रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या तुझ्या आजोबांच्या हातात पैसे ठेवायची. आजोबा वाईट नव्हते, तेव्हा चालच ती होती. आजीच्या लुगड्याला जागोजाग ठिगळं होती. घरात लिहिता-वाचता येणारी आत्या एकटी, आठवड्याची हजेरी तीच मांडून ठेवायची. आजीने किती कमावलं ते आत्याला पैशापर्यंत ठाऊक होतं. आजोबांना एकदा तरी विचारायचं होतं. धीर झाला नाही. आजी गेली तेव्हा तिच्या पेटीत स्वतःचा म्हणून एक रुपया निघाला नाही. तुझ्या कार्डाचं ऐकलं आणि पहिली आठवण आली ती त्या रांगेची.

दादाने मात्र ती चाल मोडली होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन घेतलं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, की शेतकऱ्याने राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. दादाने एक एकर वहिनीच्या नावे केली. भावकी हसली होती. त्याच दादाचा तू मुलगा, शेंडेफळ. आज तो सातबारा वहिनीच्या नावावर आहे म्हणून किसानचा हप्ता घरात येतो. तुमच्या शेजारच्या रानात बटईने राबणारं घर बघ. मेहनत तुमच्याइतकीच, पण सातबारा नाही म्हणून हप्ता नाही. या योजनेतलं ते मोठं अन्यायाचं अंग आहे, आणि त्यापुढे "फुकटचे" हा शब्द शोभत नाही.

बोलणं जास्त झालं का रे? लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागत होते आणि वहिनीकडे दोन्ही माणसं नव्हती, तेव्हा दादाच्या मृत्यूचा दाखला घेऊन तूच तालुक्याला हेलपाटे घातलेस, हे आत्या विसरलेली नाही. किसानच्या केवायसीला अंगठा उमटत नाही म्हणून तिला रडू आलं, तेव्हा तू तिची बोटं ओल्या फडक्याने पुसून पुन्हा मशीनवर ठेवलीस. वहिनीने सांगितलंय सगळं. तुझी तक्रार तिने आजवर केलेली नाही. कार्डाचं हे सगळं बाजारातच कळलं, तिच्याकडून नाही.

गाडी तुला हवीच. दूध घालायला जावं लागतं, रात्री-बेरात्री आईला दवाखान्यात न्यावं लागतं. पावसाने पीक नेलं आणि हप्ता थकला, हे तू आत्याला का सांगितलं नाहीस? किती हप्ते राहिलेत ते कागदावर लिहून पाठव. आत्याची पेन्शन एक तारखेला होते आणि तिला खाणारं तोंड एकच आहे. ते पैसे परत करायचे नाहीत. कार्ड आईला दे, पिन तिला पाठ होईपर्यंत शिकव, आणि संक्रांतीला दोघं या. अंथरुणं उन्हात घालून ठेवते. तुला आवडते तशी तिळाची पोळी करायची आहे, पण येताना घरचा गूळ आण, इथला नीट नसतो. रात्री गाडी चालवताना कान बांधत जा.

तुझी,
आत्या