ट्रिप होतंय म्हणून डायरेक्ट केलं

धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारीचा घाट उतरला की नवापूर तालुक्यातली विसरवाडी लागते. तिथल्या शिवारात माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं फार्महाउस आहे. पोहण्याचा लहानसा तलाव, त्याच्या भिंतीत एकच जुना दिवा. ऐन पावसाळ्यात तो दिवा बंद पडला आणि त्याच सुमारास बोर्डातली ईएलसीबी पडायला लागली. वर केली की खट्कन खाली. घरात पाहुणे, तलावात पोरं. कुणीतरी दोन वायरी जोडून ईएलसीबीला बगल दिली. मग वायरमनला फोन गेला: "ट्रिप होत होतं म्हणून तात्पुरतं डायरेक्ट केलंय. तुम्ही फक्त बल्ब बदलून द्या."

"शेठ, मेन पाडा अन् पोरांना आधी पाण्याबाहेर काढा. बल्बाचं मागून बघू," वायरमन म्हणाला.

या भागातल्या वायरमनचं निम्मं आयुष्य विहिरीवरच्या मोटारींमध्ये जातं. मोटारीत पाणी शिरलं की करंट कुठे कुठे उतरतो हे त्याला सांगावं लागत नाही. तलावाचे दिवे त्यानं फारसे पाहिले नसतील, पण ईएलसीबी उगाच पडत नाही एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

ईएलसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघते. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट भलत्याच वाटेनं जमिनीत चालला, की क्षणार्धात पुरवठा तोडते. बर्कलेचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विजेच्या धक्क्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. थोडेच मिलिअँपिअर हातातून गेले तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्यांनीच १९६१ मध्ये अशा संरक्षक यंत्राची रचना केली. अमेरिकेच्या वीज संहितेनं १९६८ मध्ये ते पहिल्यांदा सक्तीचं केलं, तेही पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी. म्हणजे आपल्याकडे ज्या जागी ते डायरेक्ट केलं गेलं, नेमकी तीच जागा.

या दुरुस्तीतला खरा पेच पुढे आहे. जुना दिवा १२ व्होल्टचा, ३०० वॉटचा, सात इंची काचेचा. बाजारात त्याला पार ५६ म्हणतात. त्याला वीज ट्रान्सफॉर्मरमधून मिळते, आणि ट्रान्सफॉर्मर धड असेल तर १२ व्होल्टच्या बाजूला दिव्यात कितीही पाणी शिरलं तरी २३० व्होल्टच्या बाजूची ईएलसीबी पडत नाही. दोन्ही वाइंडिंग एकमेकांपासून अलग असतात. मग ती पडत का होती? दिवा गेलाच होता, पण शिवाय ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या वायरीत नाहीतर खुद्द ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल शिरली होती. त्या दोन वाइंडिंगमधलं इन्सुलेशन बसलं असतं तर २३० व्होल्ट थेट पाण्यात उतरले असते, आणि अडवणारं काही उरलंच नव्हतं.

वायरमननं मेन बंद करून आधी ती बगल तोडली. मग ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या वायरी सोडवून ईएलसीबी वर केली. टिकली. म्हणजे तिथपर्यंतची वायर चांगली. पुन्हा मेन पाडून इन्सुलेशन मोजणारा ५०० व्होल्टचा मेगर लावला. वाइंडिंग आणि लोखंडी गाभा यांच्यामध्ये मेगओहममध्ये आकडा यायला हवा, तिथे काटा शून्याला चिकटला. ट्रान्सफॉर्मर पंपाच्या खड्ड्यात, तलावाला अगदी लागून बसवलेला. पेटीचं झाकण उघडताच तळाशी पाणी दिसलं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ट्रान्सफॉर्मरची जागा काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे असावी.

दिवा काढायला तलाव रिकामा करायची गरज नसते. टँकर बोलवायच्या आधी हे कळलेलं बरं. वरचा एक स्क्रू सैल केला की दिवा कोनाड्यातून सुटतो. मागे वायरीचे वेढे मुद्दाम सोडलेले असतात, त्यामुळे तो ओढून काठावर घेता येतो. इथे बल्ब काळा पडला होता, रबराचं गॅस्केट चपटं होऊन कडक झालं होतं आणि वायर सोलली तर तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी. बारीक तारांमधल्या फटींतून पाणी वर चढत जातं. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापायची. कापून ती तोकडी पडली तर पाइपातून अख्खी नवी ओढायची. पाण्याखाली जोड चालत नाही, टेप कितीही गुंडाळा. जुना हॅलोजन 'बघू लागतो का' म्हणून काठावर पेटवायचा नाही. तो पाण्यानंच थंड राहतो. कोरड्यात काच तडकते.

नवा दिवा त्याच मापाचा एलईडी, २५ वॉटचा. फरक फक्त बिलात पडत नाही. ३०० वॉटला १२ व्होल्टवर २५ अँपिअर लागायचे. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत १५ मीटर अंतरावर त्या १२ मधले तीनेक व्होल्ट वाटेतच जायचे. ट्रान्सफॉर्मर तलावाला खेटून ठेवला होता तो बहुधा याच हिशेबानं. एलईडीला जेमतेम दोन अँपिअर पुरतात, त्यामुळे नवा ट्रान्सफॉर्मर घराच्या भिंतीवर, कोरड्या पेटीत नेता आला. तो घेतानाही बघावं लागतं: हॅलोजनसाठीचे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर एवढ्या कमी लोडवर नीट चालत नाहीत, दिवा लुकलुकतो. तारेच्या वाइंडिंगचा, दोन्ही बाजू अलग ठेवणारा घ्यावा. एलईडीवर एसी लिहिलंय की डीसी, तेही वाचावं. आणि स्वस्तात मिळतो म्हणून २३० व्होल्टचा फ्लडलाइट काचेत बसवून पाण्यात सोडणारे महाभाग असतात, त्यांना दारातूनच परत पाठवावं. तलावाच्या दिव्याचं काम सरकारी परवाना असलेल्या माणसाचं.

गॅस्केट आणि ग्लँड दोन्ही नवे टाकले. ईएलसीबीही बदलली, कारण जुनीचं चाचणीचं बटण दाबलं तरी ती आता पडत नव्हती. पेटीच्या दाराला आतून वायरमननं मार्करनं तारीख आणि मेगरचा आकडा लिहिला. पुढच्या पावसाळ्याआधी मोजणी करताना आकडा घसरलाय का, ते तिथेच कळेल.