आहेराची पेटी आणि नेसायचे वस्त्र

आमच्या सेनगाव तालुक्यातील शेतकरी घराची लोखंडी पेटी उघडली असता बहुधा एकच देखावा दृष्टीस पडतो : लग्नकार्ये, बारशी, भाऊबीज आणि मानपान यांच्या निमित्ताने आलेल्या साड्यांची चळत पेटीत काठोकाठ असते, आणि तरीही घरची कारभारीण दोरीवर वाळलेली कालचीच साडी पुन्हा नेसून शेताची वाट धरते. या विसंगतीचे कारण नव्याने संसारास लागणाऱ्या लेकींसाठी लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते. आहेर देणाऱ्याच्या ऐपतीने आणि दुकानातील गठ्ठ्याच्या भावाने ठरतो. वस्त्र मात्र नेसणारीच्या कामाने आणि ऋतुमानाने ठरावयास हवे.

माझ्या सासूबाईंचे बालपण निजामी अमदानीत गेले. त्यांच्या पेटीत लुगडी मोजकी, परंतु त्यांतील प्रत्येक नेसण्याजोगे होते. सुमारे सव्वाआठ मीटरांचे सुती नऊवारी कासोटा घालून नेसले म्हणजे चिखलातून चालताना किंवा ओणव्याने खुरपताना पायांत येत नसे. ते मध्येच विरले की विरलेला भाग कापून काढून उरलेल्या टोकांस दंड घालावयाचा. तेही जुने झाले म्हणजे त्याची वाकळ शिवावयाची, आणि त्यातील सर्वांत मऊ तुकडे बाळाच्या लंगोट-दुपट्यांसाठी राखून ठेवावयाचे. पुढे सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या स्वस्त, हलक्या आणि लगेच वाळणाऱ्या. श्रावणात सुती कापड दोन-दोन दिवस दमट राहते, तेव्हा त्यांचा उपयोग मी नाकारणार नाही. परंतु त्यांनी पेटी सर्वस्वी व्यापली, आणि विस्तवाजवळ जाणाऱ्या बाईच्या अंगावरही त्याच आल्या.

एका फाल्गुनात आमच्या वाडीत हळद शिजवणे चालू असता माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या निऱ्यांवर भट्टीतील निखारा उडाला. साडी आहेराची, नायलॉनची होती. विझवावयास क्षणच लागले, पण तेवढ्यात वितळलेले कापड पोटरीस डिंकासारखे चिकटले आणि ती जखम भरून यावयास पावसाळा उजाडला. असे कापड अडीचशे अंशांच्या मागेपुढे वितळते आणि कातडीस धरते. सूतही झटकन पेट घेते, त्यामुळे पदर खोचण्याची दक्षता दोन्ही कापडांत घ्यावीच. मात्र सूत वितळून चिकटत नाही. कोणावर असा प्रसंग गुदरलाच, तर चिकटलेले कापड ओढून काढू नये. वीस मिनिटे साधे वाहते पाणी घालत राहावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे.

कापडाची पारख अवघड नाही. कडेचा एक धागा उपसून चिमट्यात धरावा आणि चुलीपासून दूर, काडीने पेटवावा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो व त्याचा कठीण मणी होतो. दुकानदाराचा शब्द ऐकावा, पण ही परीक्षाही करावी.

चुलीसाठी व शेतासाठी मिळून चार जाड सुती साड्या असाव्यात, म्हणजे आळीपाळीने धुता येतात. कापूस वेचताना वाळल्या बोंडांची टोके मनगटे ओरबाडतात, सोयाबीन काढताना शेंगा टोचतात. म्हणून आमच्याकडे बाया झंपरावर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्यास दस्ती बांधतात. ही तजवीज अत्यंत शहाणपणाची आहे. घरधन्याचा फाटका सदरा न घेता बाईच्या मापाचा एक सदरा स्वतंत्र शिवून घ्यावा, त्याचा खर्च पहिल्याच हंगामात वसूल होतो. फवारणीच्या दिवशी अंगावर असलेले कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. झंपराचे सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि शिलाई वाया जाते. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तरी घाबरू नये. कापड कडक उन्हात टाकावे, पिवळेपणा उडून जातो.

तहसील कचेरी, बँक व शाळेची सभा यांसाठी दोन नीटनेटक्या साड्या पुरतात, आणि परकरास आतून एक खोल खिसा अवश्य शिवावा. पासबुक, पैसे व फोन हाती धरून बसच्या दारात चढणे बाईस फार जिकिरीचे होते. रेशमी किंवा जरीची एखादी साडी हौसेने जरूर घ्यावी.

राहता राहिला आहेर. तो बंद होईल अशी माझी अपेक्षा नाही, पण त्याचे रूप आपल्या हाती आहे. आमच्या भावकीत आम्ही बायकांनी मिळून ठरविले आहे की, चौघींनी चार हलक्या साड्या नेण्याऐवजी वर्गणी करून एक चांगली सुती साडी न्यावी आणि रंग-पोत मुलीस आधी विचारावा. प्रथम पुरुषमंडळींनी कुरकुर केली. यंदाच्या लग्नसराईत मात्र आहेराची यादी त्यांनीच आमच्याकडून मागून घेतली.