अर्धशिशी, दहा दिवसांचे मौन आणि रक्तदाबाची गोळी

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय चौसष्ट, रक्तदाबाची गोळी आठ वर्षांपासून चालू. बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, विपश्यनेला इगतपुरीला नाव नोंदवलंय. मन शुद्ध झालं की रक्तदाब कुठला राहतोय? गोळी चार दिवसांपूर्वीच सोडली." रक्तदाब मोजला, तर १६०/१०० निघाला.

असे विचारणारे गुरुजी एकटेच नाहीत, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

विपश्यना भारतात पुन्हा रुजवणारे सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे, व्यापारी मारवाडी कुटुंबात झाला. ऐन तारुण्यात पैसा, मानमरातब सर्व मिळाले. सोबत भयंकर अर्धशिशीही आली. वेदना थांबवण्यासाठी मॉर्फीनची इंजेक्शने घ्यावी लागत. त्याचेच व्यसन लागेल या भीतीने ते परदेशी डॉक्टरांकडेही जाऊन आले, पण गुण आला नाही. शेवटी १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ संन्यासी नव्हते, सरकारी हिशेब खात्यातील मोठे अधिकारी होते. डोकेदुखीसाठी आलो, असे सांगताच त्यांनी गोयंकांना शिबिरात घेण्यास चक्क नकार दिला. मन निर्मळ करायचे असेल तर या, शरीराच्या दुखण्यासाठी ही विद्या नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गोयंकांनी ते मान्य केले तेव्हाच प्रवेश मिळाला. अर्धशिशी पुढे गेली, पण मागणी सोडल्यावर! १९६९ साली गोयंका भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

शिबिरात पहाटे चारला घंटा होते. बोलणे, वाचणे, लिहिणे बंद. पहिले तीन-साडेतीन दिवस नुसता श्वास पाहायचा. हा प्राणायाम नव्हे. श्वास जसा येतो-जातो तसाच पाहायचा. नंतर डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय जाणवते ते पाहायचे. खाज येते, मुंग्या येतात, गुडघा ठणकतो. यांतल्या कशावरही चिडायचे नाही आणि सुखद वाटले तरी त्याला चिकटायचे नाही. राग आला की छाती धडधडते, श्वास बदलतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तो बदल लवकर टिपता आला तर राग जिभेवर येण्याआधी थोडी फुरसत मिळते.

मी स्वतः एकदा बसलो आहे. तिसऱ्या दिवशी श्वास बाजूला राहिला आणि भावाशी बांधावरून झालेले जुने भांडण डोळ्यांपुढे आले. आपली बाजू खरी, असे मी वर्षानुवर्षे सांगत होतो. त्या दिवशी प्रथमच वाटले, की बांध मीच सरकवला होता. औषधाच्या कुठल्याच पुस्तकात हे निदान नाही.

आता धोक्याचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्या तर दाब उसळी घेतो. फिटच्या गोळ्यांचा खंड तर जिवावर बेतू शकतो. नव्या साधकांना सायंकाळी फक्त चहा व थोडे फळ मिळते. तेव्हा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी आधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोलावे आणि केंद्रालाही कळवावे. गंभीर मानसिक आजार होऊन गेला असेल, तर इतके दीर्घ मौन व ध्यान त्रास वाढवू शकते. अर्जात आजाराविषयी विचारलेले असते. तेथे लपवाछपवी करू नये. गुडघे धरत असतील तर खुर्ची मागावी, त्यात कमीपणा नाही.

गुरुजींची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली आणि दाब आटोक्यात आल्यावर त्यांना जाऊ दिले. परवा ते भेटून गेले. झोप बरी लागते म्हणाले. पुण्याच्या मुलाशी सहा वर्षे अबोला होता, त्याला स्वतःहून फोन केला. रक्तदाब १३८/८६ भरला. "आता तरी गोळी सोडू का?" हा प्रश्न होताच. मी नाही म्हटले आणि महिन्याने पुन्हा बोलावले आहे.