बालकांसाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी

बालकाच्या यकृतात गाठ आढळली की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "साधी की घातक?" साध्या सोनोग्राफीत गाठ दिसते, परंतु तिच्यातील रक्तप्रवाहाचा पुरेसा उलगडा होत नाही. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा होतो. एमआरआयसाठी लहानग्यांना बहुधा भूल द्यावी लागते.

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे शिरेतून रक्तात सोडतात. ते गाठीत केव्हा भरतात व केव्हा ओसरतात, यावरून तज्ज्ञ तिचे स्वरूप ओळखतात. हा वायू काही मिनिटांतच श्वासावाटे बाहेर पडतो; मूत्रपिंडांवर भार येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये बालकांच्या यकृत-तपासणीसाठी या पद्धतीस मान्यता दिली.

मर्यादाही आहेत. क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवते, म्हणून तातडीची औषधे हाताशी हवीत. कर्करोगाचा शरीरातील प्रसार पाहण्यास सीटी वा एमआरआय लागतेच.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मी प्रत्येक यंत्राचा हिशेब मांडतो. मात्र बालकाची टळलेली भूल कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. यंत्र देणगीतून येते. ते वाचणारी नजर प्रशिक्षणातून घडते. दात्यांनी या दुसऱ्या खर्चाचाही विचार करावा, ही नम्र विनंती.